प्रश्नावलीतील विधानांची प्रसामान्यता तपासणी : विश्वसनीय मापनी तयार करताना करावयाचा विचार

प्रस्तावना

शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य व व्यवस्थापन या विद्याशाखांतील संशोधनात प्रश्नावली हे माहिती संकलनाचे प्रमुख साधन मानले जाते. अभिवृत्ती, समाधान, ताण, आत्मविश्वास यांसारखी गुणवैशिष्ट्ये डोळ्यांना दिसत नाहीत. ती विधानांना मिळालेल्या प्रतिसादांवरून अनुमानाने ठरवावी लागतात. त्यासाठी संशोधक पन्नास-साठ विधाने लिहितो, ती तज्ज्ञांकडून तपासून घेतो, शे-दोनशे प्रतिसादकांवर पथदर्शी चाचणी घेतो आणि त्यांतून वीस-पंचवीस विधाने निवडून अंतिम मापनी सिद्ध करतो. या निवडीच्या टप्प्यावर एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. प्रत्येक विधानाला मिळालेले प्रतिसाद प्रसामान्य वितरणात आहेत किंवा नाहीत हे तपासावे काय, आणि नसतील तर ते विधान वगळावे काय?

हा प्रश्न केवळ संख्याशास्त्रीय सोपस्काराचा नाही. संगणकावर चाचणी लावावी, सर्वच्या सर्व विधाने ‘प्रसामान्य नाहीत’ असा निकाल यावा आणि मार्गदर्शक व विद्यार्थी दोघेही गोंधळात पडावेत, हा अनुभव महाविद्यालयीन संशोधनात नवा नाही. गोंधळाच्या भरात कधी चांगली विधाने जातात, तर कधी निरुपयोगी विधाने राहतात. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने (नॅक) २०१७ च्या सुधारित मूल्यांकन चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केल्यापासून तर मापनी, सरासरी व विश्वसनीयता हे शब्द प्रबंधापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. अशा सर्वेक्षणांच्या सरासरीवरून महाविद्यालयाविषयी निर्णय घेतले जातात. म्हणून या प्रश्नाचा उगमापासून विचार करणे आवश्यक ठरते.

प्रसामान्यतेचे गृहीतक आले कोठून?

रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली अभिवृत्ती मापनाची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशीच प्रसामान्य वितरण होते. लिकर्ट यांनी गुणदानाच्या दोन पद्धतींची तुलना केली. पहिल्या म्हणजे ‘सिग्मा’ पद्धतीत अभिवृत्ती प्रसामान्य वितरित आहे असे गृहीत धरून, प्रत्येक पर्याय किती टक्के प्रतिसादकांनी निवडला यावरून त्या पर्यायाचे मूल्य प्रसामान्य वक्राच्या आधारे काढले जाई. दुसऱ्या पद्धतीत पाच पर्यायांना सरळ १ ते ५ असे गुण दिले जात. दोन्ही पद्धतींनी मिळालेल्या एकूण गुणांतील सहसंबंध ०.९९ च्या आसपास आला, आणि साहजिकच सोपी पद्धत रूढ झाली. आज सर्वत्र वापरली जाणारी पंचबिंदू श्रेणी ती हीच.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावयास हवा. लिकर्ट यांच्या सिग्मा पद्धतीत प्रसामान्य मानली गेली होती ती प्रतिसादकाच्या मनातील अभिवृत्ती. कागदावरचे १ ते ५ हे आकडे नव्हेत. पाचच किमती घेऊ शकणारे चल कधीही काटेकोर अर्थाने प्रसामान्य असू शकत नाही, कारण प्रसामान्य वितरण सलग असते व त्याची दोन्ही टोके अनंतापर्यंत जातात. म्हणजे ‘हे विधान प्रसामान्य आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर माहिती गोळा करण्यापूर्वीच ‘नाही’ असे आहे. विचारण्याजोगा प्रश्न एवढाच उरतो की, त्या विधानाचे वितरण किती व कोणत्या दिशेने कललेले आहे आणि त्या कलण्यामागचे कारण काय आहे.

एकूण गुणांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. थिओडोर मिसेरी यांनी १९८९ साली संपादन चाचण्या व मानसशास्त्रीय मापन साधनांची मोठ्या नमुन्यांवरील ४४० वितरणे तपासली, ०.०१ या सार्थकता पातळीवर त्यांतील एकही प्रसामान्य ठरले नाही. आपल्या लेखाच्या शीर्षकात त्यांनी प्रसामान्य वक्राला एकशिंगी या काल्पनिक प्राण्याच्या पंगतीला बसविले, ते उगाच नव्हे.

सार्थकता चाचण्यांची मर्यादा

एसपीएसएस या आज्ञावलीत ‘एक्सप्लोअर’ हा पर्याय निवडल्यास कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह (लिलिफोर्स दुरुस्तीसह) आणि शापिरो-विल्क या दोन चाचण्यांचे निकाल शेजारी शेजारी मिळतात. शापिरो-विल्क चाचणी १९६५ साली मांडली गेली ती सलग चलांसाठी. पंचबिंदू विधानात शेकडो प्रतिसादकांचे गुण समान असतात. त्यामुळे दोनशेच्या नमुन्यात अगदी सममित विधानही या चाचणीत नापास होते. सर्वांनाच नापास करणाऱ्या परीक्षेवरून निवड करता येत नाही, हे अध्यापकांना वेगळे सांगावयास नको.

विषमता गुणांकाला (इंग्रजी ग्रंथांतील स्क्यूनेस) त्याच्या प्रमाण त्रुटीने भागून निष्कर्ष काढण्याची रीतही तितकीच फसवी आहे. ही प्रमाण त्रुटी अदमासे ६ ला नमुनासंख्येने भागून त्याचे वर्गमूळ काढले असता मिळते. ५० प्रतिसादकांसाठी ती सुमारे ०.३५, २०० साठी ०.१७ आणि १००० साठी ०.०८ येते. म्हणजे ५० जणांच्या नमुन्यात -०.६ इतकी विषमता ‘असार्थ’ ठरून विधान उत्तीर्ण होईल आणि १००० जणांच्या नमुन्यात -०.२ इतक्या किरकोळ विषमतेचे विधान ‘सार्थ’ ठरून अनुत्तीर्ण होईल. अधिक मेहनत घेऊन मोठा नमुना गोळा करणाऱ्या संशोधकालाच ही रीत शिक्षा करते.

यास्तव गुणांकाच्या सार्थकतेपेक्षा त्याच्या आकारमानाकडे पाहणे श्रेयस्कर. वेस्ट, फिंच व करन यांच्या १९९०च्या दशकातील लेखनापासून विषमता २ पेक्षा आणि शिखरता (कर्टोसिस) ७ पेक्षा अधिक असल्यास ती गंभीर समजावी, असा संकेत रूढ झाला. परंतु हा संकेत पुष्टीकारक घटक विश्लेषणातील एका विशिष्ट आकलन पद्धतीच्या संदर्भात पुढे आला होता. तो विधान निवडीचा सार्वत्रिक कायदा नाही. शिवाय काही पुस्तकांत प्रसामान्य वक्राची शिखरता ३ मानतात, तर एसपीएसएस त्यातून ३ वजा करून ती शून्य धरते. तक्त्याखाली याचा उल्लेख नसेल, तर वाचकाला आकड्यांचा अर्थ लागत नाही.

कलते विधान विश्वसनीयतेस बाधक का ठरते?

मग विधानांचे वितरण तपासावयाचेच कशाला? कारण विश्वसनीयता प्रतिसादकांमधील फरकांवर उभी असते. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ साली विवेचन केलेल्या अल्फा गुणांकात एकूण गुणांच्या प्रचरणाशी स्वतंत्र विधानांच्या प्रचरणांच्या बेरजेची तुलना असते. विधाने परस्परांबरोबर जितकी अधिक एकत्र हलतात, तितके एकूण प्रचरण त्या बेरजेपेक्षा मोठे होते व अल्फा वाढतो. या सूत्रात प्रसामान्यतेचे गृहीतक कोठेही नाही. परंतु ज्या विधानाला जवळजवळ सर्वांनी एकच उत्तर दिले ते हलूच शकत नाही, आणि न हलणाऱ्या विधानाचा इतरांशी सहसंबंध येणार कसा?

याहून कमी लक्षात येणारी गोष्ट अशी की, दोन विधाने वेगवेगळ्या प्रमाणात कललेली असतील तर त्यांच्यातील सहसंबंधाला कमाल मर्यादा पडते. ‘होय-नाही’ स्वरूपाची दोन विधाने घ्यावीत. पहिल्याला ५० टक्के व दुसऱ्याला १० टक्के प्रतिसादकांनी ‘होय’ म्हटले. दुसऱ्याला ‘होय’ म्हणणारा प्रत्येक जण पहिल्यालाही ‘होय’ म्हणाला, म्हणजे संबंध शक्य तितका परिपूर्ण असला, तरीही त्यांच्यातील सहसंबंध गुणांक ०.३३ च्या पुढे जाऊ शकत नाही. पंचबिंदू श्रेणीत ही मर्यादा सौम्य होते, नाहीशी होत नाही.

याचा उलट परिणाम घटक विश्लेषणात दिसतो. एकाच बाजूला कललेली विधाने केवळ त्या कलामुळे एकमेकांशी अधिक जुळतात आणि त्यांचा एक स्वतंत्र घटक तयार होतो. जॉर्ज फर्ग्युसन यांनी १९४१ सालीच चाचणीतील प्रश्नांच्या काठिण्यामुळे निर्माण होणाऱ्या अशा घटकांकडे लक्ष वेधले होते. सोपे प्रश्न एका घटकात व अवघड प्रश्न दुसऱ्या घटकात जातात, आणि संशोधक मात्र त्यांना ‘बौद्धिक परिमाण’ व ‘भावनिक परिमाण’ अशी भारदस्त नावे देऊन मोकळा होतो.

तीन विधानांचे उदाहरण

प्रत्यक्ष निर्णय कसा घ्यावा हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. महाविद्यालयीन जीवनाविषयीच्या मापनीची पथदर्शी चाचणी २०० विद्यार्थ्यांवर घेतली असे समजू. तीन विधाने पुढीलप्रमाणे आहेत. (अ) ग्रंथालयात मला हवे असलेले पुस्तक वेळेवर मिळते. (ब) शिक्षणामुळे माणसाचे आयुष्य सुधारते. (क) या वर्षात महाविद्यालयाच्या आवारात माझा अपमान झाला. पहिल्या दोन विधानांना ‘पूर्णपणे असहमत’ (१) ते ‘पूर्णपणे सहमत’ (५) असे, तर तिसऱ्याला ‘कधीच नाही’ (१) ते ‘नेहमी’ (५) असे पर्याय आहेत.

तक्ता क्र. १ : तीन विधानांचे वितरण (प्रतिसादक २००)

| विधान | १ | २ | ३ | ४ | ५ | मध्यमान | प्रमाण विचलन | विषमता |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| अ | २० | ४५ | ६० | ५० | २५ | ३.०८ | १.१७ | -०.०५ |
| ब | ० | २ | ६ | ३२ | १६० | ४.७५ | ०.५५ | -२.४९ |
| क | १६८ | १४ | ६ | ७ | ५ | १.३४ | ०.८९ | २.८६ |

विधान ‘अ’ बाबत कोणताही प्रश्न नाही. विद्यार्थी पाचही पर्यायांत विखुरले आहेत व वितरण जवळजवळ सममित आहे. ‘ब’ आणि ‘क’ मात्र दोन्हीही विषमतेची २ ही मर्यादा ओलांडतात. यांत्रिकपणे निवड करणारा संशोधक दोन्ही वगळील. तथापि या दोन विधानांच्या कलण्यामागची कारणे अगदी भिन्न आहेत.

‘ब’ हे सुभाषित आहे. त्याला नाही म्हणण्याचे धाडस किंवा कारण कोणाकडेच नाही. २०० पैकी १९२ जणांनी ४ किंवा ५ वर खूण केली, यातून विद्यार्थ्यांविषयी काहीही कळत नाही. कळते ते विधान लिहिणाऱ्याविषयी. असे विधान वगळावे किंवा त्यात किंमत मोजण्याचा प्रसंग घालून ते नव्याने लिहावे. उदाहरणार्थ, ‘घरची आर्थिक ओढाताण असतानाही हाती आलेल्या नोकरीपेक्षा पदवी पूर्ण करणे मी पसंत करीन’ या विधानावर विद्यार्थी खरोखर विभागले जाण्याची शक्यता आहे.

‘क’ मध्ये दोष विधानाचा नाही. अपमानाचा अनुभव बहुसंख्यांना येत नाही, ही वस्तुस्थिती आहे आणि वितरण तिचेच प्रतिबिंब आहे. येथे ४ व ५ वर खूण करणारे १२ विद्यार्थी हीच या विधानाची मिळकत होय. विषमतेच्या नावाखाली ते वगळले, तर मापनी अधिक सुबक दिसेल, कदाचित अल्फाही किंचित वाढेल, आणि ते १२ विद्यार्थी अहवालातून नाहीसे होतील. नैराश्याच्या चाळणीसाठी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या साधनात शेवटचा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयीच्या विचारांचा आहे. सर्वसामान्य लोकसंख्येत त्याचे उत्तर बहुतांश ‘नाही’ असेच येते. म्हणून तो काढून टाकावा असे कोणी सुचविणार नाही.

‘क’ सारख्या विधानाचे स्थान कोठे, हा मात्र वेगळा विचार आहे. वीस विधानांच्या सरासरीत ते मिसळले तर त्या १२ जणांचा आवाज सरासरीत विरून जातो. ते प्रश्नावलीत ठेवावे, परंतु एकूण गुणांत न मिळवता त्याची वारंवारिता स्वतंत्रपणे द्यावी, हा मार्ग बहुतेक प्रसंगी अधिक योग्य ठरतो. मापनीच मुळी छळाच्या अनुभवाची असेल, तर तिची सर्व विधाने कललेली असणार व तशीच ती असावयास हवीत. केवळ मध्यमान ३ च्या आसपास असलेली विधाने निवडत गेल्यास मधल्या पातळीवरील व्यक्तींमधील फरक चांगले कळतात, पण टोकाच्या व्यक्तींविषयी मापनी मुकी होते. फुमिको सामेजिमा यांनी १९६९ साली मांडलेल्या श्रेणीबद्ध प्रतिसाद प्रतिमानाच्या साहाय्याने कोणते विधान कोणत्या पातळीवर अधिक माहिती देते हे पाहता येते, आणि तेथे कलते विधान दोष न ठरता उपयुक्त ठरू शकते.

कल निर्माण होण्याची इतर कारणे

कित्येकदा वितरण कलते ते विधानामुळे नव्हे, तर प्रश्नावली भरून घेण्याच्या रीतीमुळे. वर्गावर शिकविणाऱ्या अध्यापकानेच तासाच्या शेवटी प्रश्नावली वाटावी, वर हजेरी क्रमांक लिहावयास सांगावा आणि प्राध्यापकांच्या अध्यापनाविषयी मत विचारावे, तर सर्व खुणा ४ व ५ वर पडल्यास नवल नाही. त्या आकड्यांवर कोणतेही संख्याशास्त्रीय संस्कार केले तरी मूळ भिडस्तपणा दूर होत नाही.

मराठी भाषांतराचाही यात वाटा असतो. मधल्या पर्यायासाठी ‘तटस्थ’, ‘अनिश्चित’ आणि ‘सांगता येत नाही’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु विचारपूर्वक मध्यम मत असणारा, मत न बनलेला आणि उत्तर टाळू इच्छिणारा असे तीन वेगळे प्रतिसादक ते आपल्याकडे ओढतात. तसेच ‘मला वर्गात कंटाळा येत नाही’ या विधानाला ‘असहमत’ म्हणणे म्हणजे काय, हे ठरविताना प्रतिसादक अडखळतो. अशा नकारार्थी विधानांचे वितरण काही वेळा दोन शिखरांचे दिसते : एक अर्थ कळलेल्यांचे, दुसरे न कळलेल्यांचे. विषमता गुणांक अशा वेळी शून्याच्या जवळ येऊन संशोधकाला निश्चिंत करतो. म्हणून गुणांकापूर्वी प्रत्येक विधानाचा स्तंभालेख डोळ्यांखालून घालणे अनिवार्य मानावे.

आकड्यांचे लॉगरिदम किंवा वर्गमूळ काढून वितरण सरळ करण्याचा उपाय काही प्रबंधांत योजलेला असतो. एकूण गुणांबाबत त्याला काही अर्थ असू शकेल. एका विधानाबाबत मात्र तो व्यर्थ आहे, कारण १६० विद्यार्थी ज्या एका किमतीवर गोळा झाले आहेत ते रूपांतरानंतरही कोणत्या तरी एकाच किमतीवर गोळा झालेले राहतात.

तपासणीचा क्रम

व्यवहारात हे काम पुढील क्रमाने करणे सोयीचे होते. प्रथम नोंदीतील चुका व रिक्त उत्तरे पाहावीत; एखादे विधान अनेकांनी कोरे सोडले असेल तर ते समजले नाही किंवा बोचले, असा अर्थ होतो. विरुद्धार्थी विधानांचे गुणदान उलटवून घ्यावे. मग वारंवारिता, स्तंभालेख, मध्यमान, प्रमाण विचलन, विषमता व शिखरता तपासावी आणि ज्या विधानांत एकाच पर्यायावर बहुसंख्य प्रतिसाद एकवटले आहेत त्यांवर खूण करावी. खूण करणे म्हणजे वगळणे नव्हे.

त्यानंतर प्रत्येक विधानाचा उर्वरित विधानांच्या बेरजेशी सहसंबंध काढावा. तो साधारणतः ०.३० पेक्षा कमी असल्यास विधान संशयास्पद समजतात. शिक्षणशास्त्रातील प्रबंधांत अधिक प्रचलित असलेली रीत म्हणजे सर्वाधिक व सर्वांत कमी गुण मिळविणाऱ्या २७ टक्क्यांच्या गटांची प्रत्येक विधानावर टी-चाचणीने तुलना करणे व ॲलन एडवर्ड्स यांच्या १९५७ च्या ग्रंथातील १.७५ हे मूल्य प्रमाण मानणे. एडवर्ड्स यांनी ते ढोबळ संकेत म्हणूनच दिले होते. या रीतीत मधले ४६ टक्के प्रतिसादक विचारात घेतले जात नाहीत. संगणक हाताशी असताना ही काटकसर आवश्यक राहिलेली नाही.

घटक विश्लेषण करावयाचे असल्यास पिअर्सनच्या सहसंबंधाऐवजी पॉलिकोरिक सहसंबंध वापरणे इष्ट. मनातील अभिवृत्ती सलग व प्रसामान्य आहे आणि पाच पर्याय हे तिच्यावर पाडलेले काप आहेत, असे त्यात गृहीत धरले जाते. म्हणजे लिकर्ट यांच्या सिग्मा पद्धतीमागील कल्पनाच येथे वेगळ्या रूपाने परत येते. ‘आर’ या विनामूल्य आज्ञावलीत ही सोय उपलब्ध आहे. मात्र पॉलिकोरिक सहसंबंधांवरून काढलेला क्रमवाची अल्फा हा त्या कल्पित सलग चलांची विश्वसनीयता सांगतो. प्रत्यक्ष वापरात १ ते ५ गुणांची बेरीजच घेतली जाणार असेल, तर तो आकडा मोठा दिसतो म्हणून नोंदविणे योग्य नव्हे.

अल्फाविषयी आणखी एक सावधगिरी. विधानांमधील सरासरी सहसंबंध ०.२० इतका सामान्य असताना दहा विधानांचा अल्फा सुमारे ०.७१ येतो आणि तशाच वीस विधानांचा ०.८३. म्हणजे केवळ संख्या वाढवूनही आकडा देखणा करता येतो. ०.७० ही मर्यादा ज्यांच्या नावाने सांगितली जाते त्या नन्नली यांनी १९७८ च्या आवृत्तीत ती संशोधनाच्या प्राथमिक टप्प्यापुरती दिली होती. व्यक्तीविषयी महत्त्वाचा निर्णय घ्यावयाचा असेल तर किमान ०.९० आवश्यक असल्याचे त्यांचेच मत आहे.

ज्या नमुन्यावरून विधाने निवडली, त्याच नमुन्यावर काढलेला अल्फा नेहमी थोडा फुगलेला असतो, कारण त्या नमुन्यातील योगायोगही निवडीत सामील झालेले असतात. म्हणून अंतिम मापनीची विश्वसनीयता दुसऱ्या, स्वतंत्र नमुन्यावर काढावी. प्रबंधात किंवा अहवालात वगळलेल्या विधानांची यादी, प्रत्येकाचे वितरण आणि वगळण्याचे कारण परिशिष्टात द्यावे. ‘प्रसामान्य नव्हते’ हे कारण तेथे पुरेसे समजू नये.